मोठ्या हेल्थ इन्शुरन्स कंपनीत जॉब घेताय? आधी टेबल विचारा, कंपनी नंतर

एखाद्या मोठ्या हेल्थ इन्शुरन्स कंपनीत काम करणाऱ्या दोघांना विचारा की बाबा कसं आहे तिथे, एक सांगेल मस्त आहे, पगार वेळेवर, शिकायला मिळतं, आणि दुसरा सांगेल चुकूनही येऊ नको, डोकं फिरेल. दोघंही खोटं बोलत नसतात. हजारो माणसं असलेल्या कंपनीत एकाच बिल्डिंगमध्ये, कधीकधी एकाच फ्लोअरवर, पाच-सहा पूर्ण वेगळे जॉब चालू असतात आणि तुमचा दिवस कसा जाणार हे तुम्ही कोणत्या टेबलला बसणार आणि तुमचं काम कसं मोजलं जाणार यावर ठरतं. मी क्लेम्समध्ये बरीच वर्षं आहे, नवीन बॅचेस येताना आणि अर्ध्या रिकाम्या होताना बघितल्यात, त्यामुळे जॉब घ्यायच्या आधी काय विचारायचं आणि घेतल्यावर कसं टिकायचं ते लिहितोय. देशानुसार नियम बदलतात पण काम सगळीकडे बऱ्यापैकी सारखंच आहे.

कोणतं टेबल ते आधी कळून घ्या

ऑफर लेटरवर असोसिएट, एक्झिक्युटिव्ह, अ‍ॅनालिस्ट असं काहीतरी मोघम असतं, त्यावरून काही कळत नाही. एचआरला सरळ विचारा, क्लेम प्रोसेसिंग आहे, प्री-ऑथ (उपचाराआधीची मंजुरी) आहे, कॉल्स आहेत, अपील आहे की एनरोलमेंट (सभासदांची नोंदणी).

क्लेम प्रोसेसिंग म्हणजे बिलं, डिस्चार्ज समरी, रिपोर्ट बघायचे, आजाराचा आयसीडी कोड (आजारांच्या जागतिक यादीतला नंबर) आणि केलेली ट्रीटमेंट एकमेकांशी जुळते का बघायचं, पॉलिसीतला वेटिंग पिरियड (कव्हर सुरू व्हायच्या आधीचा काळ), को-पे (ग्राहकाने भरायचा हिस्सा), डिडक्टिबल (ग्राहकाने आधी स्वतः भरायची रक्कम), एक्सक्लुजन (कव्हर नसलेल्या गोष्टी) लावायचं आणि किती पैसे द्यायचे ते ठरवायचं. शांत काम आहे, डोक्याला हेडसेट नाही, ज्याला एकट्याने खाली मान घालून काम करायला आवडतं त्याला जमतं. पण एक गोष्ट इंटरव्ह्यूमध्ये सहसा कोणी सांगत नाही. मोठ्या कंपन्यांमध्ये साधेसरळ क्लेम आता सिस्टमच पास करते, माणसाचा हातच लागत नाही, माणसाकडे येतात ते अडकलेले, म्हणजे कोड जुळत नाही, दोन पॉलिसी आहेत, बिलात एकच गोष्ट दोनदा लागलीय, जुना आजार लपवला की माहीतच नव्हता असा वाद आहे. म्हणजे ऑटोमेशन जेवढं वाढतं तेवढी तुमची क्यू (तुमच्याकडे येणाऱ्या केसेसची रांग) अवघड होत जाते, आणि दिवसाचं टार्गेट मात्र सोपे क्लेम पण क्यूमध्ये असायचे त्या काळातलं असेल तर तुम्ही कितीही हुशार असा, रोज मागेच पडणार. "टार्गेट शेवटचं कधी बदललं" हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे, तो विचाराच.

प्री-ऑथ किंवा कॅशलेस डेस्कवर सगळं घड्याळावर चालतं. पेशंट अ‍ॅडमिट आहे, हॉस्पिटल वाट बघतंय. भारतात आयआरडीएआयच्या (इन्शुरन्सवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०२४ च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे कॅशलेसची रिक्वेस्ट आली की एका तासाच्या आत निर्णय आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत फायनल अ‍ॅप्रूव्हल द्यायचं असतं. अमेरिकेत सरकारी योजनांशी जोडलेल्या बऱ्याच प्लॅन्सना २०२६ पासून तातडीच्या केसला ७२ तास आणि साध्या केसला ७ दिवस अशी मुदत आहे. पेशंटसाठी हे फार चांगलं आहे आणि व्हायलाच हवं होतं, पण तुमच्यासाठी याचा अर्थ रोटेशनल शिफ्ट, सुट्टीच्या दिवशी ड्युटी, आणि एकजण आजारी पडला तर त्याची क्यू उरलेल्यांवर. इथे डॉक्टर आणि नर्सेस पण भरपूर असतात, क्लिनिकल प्रॅक्टिस सोडून आलेले, त्यांना पहिले काही महिने जड जातं कारण समोर पेशंट नसतो, फक्त कागद असतो आणि त्यावरून ठरवायचं असतं.

कॉल्सचं टेबल सगळ्यात अवघड, हे मी ठामपणे सांगतो. इन्शुरन्स कंपनीला कोणी सहज म्हणून फोन करत नाही. फोन करणारा आजारी असतो, नाहीतर त्याचं माणूस आयसीयूत असतं, नाहीतर हातात नकाराचं पत्र असतं, आणि निर्णय तुम्ही घेतलेला नसतो पण ऐकून तुम्ही घ्यायचं असतं. अपील आणि ग्रिव्हन्सला अनुभवी लोक घेतात, तिथे वाचन आणि लिखाण खूप, पण माझ्या मते सगळ्यात समाधानाचं काम तेच, कारण आधीचा चुकीचा निर्णय फिरवायचा अधिकार असतो. अंडररायटिंग (कोणाला, किती प्रीमियमला पॉलिसी द्यायची), अ‍ॅक्च्युरियल (जोखमीचं गणित), आयटी, नेटवर्क (हॉस्पिटल्सशी करार) यांचं जग वेगळं आहे, त्यांच्यावर वर्षअखेरीला किंवा रिन्युअलच्या सीझनला लोड येतो, रोजच्या क्यूचा त्रास कमी.

तिथल्या माणसाला काय विचारायचं

ओळखीचं कोणी आत असेल तर "कंपनी कशी आहे" असं विचारू नका, त्याला "ठीक आहे" शिवाय उत्तर नाही. असं विचारा की काल दिवसभरात काय काय केलंस. लॉगिन किती वाजता, क्यू कोण लावतं, स्वतः निवडता येते का, अवघड क्लेमला जास्त वेळ धरतात की सगळे क्लेम एकाच मापाने मोजतात. क्वालिटी ऑडिटमध्ये एरर लागला आणि तुम्हाला पटला नाही तर डिस्प्यूट टाकता येतो का, आणि टाकलेले डिस्प्यूट कधी मान्य होतात का, की नुसतं नावाला आहे. टीमची अर्धी माणसं एक वर्षाच्या आतली आहेत का, असतील तर जुने कुठे गेले. मागच्या पीक सीझनला ओव्हरटाइम मर्जीने होता की सक्तीने. टीएल (टीम लीडर) स्वतः कधी क्लेम प्रोसेस करायचा का, की थेट रिपोर्ट बघणारा आहे, कारण ज्याने कधी काम केलंय त्याला अवघड केस दाखवली की समजते.

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जो विचारायला लोक लाजतात: क्लेम नाकारण्याशी किंवा पैसे वाचवण्याशी कोणाचा इन्सेंटिव्ह जोडलेला आहे का, आणि नकारावर सही कोणाची असते. चांगल्या ठिकाणी उत्तर लगेच येतं की नाही, तुमचं माप फक्त वेळ आणि अचूकता, आणि नकाराला वरच्या माणसाचं किंवा कमिटीचं अ‍ॅप्रूव्हल लागतं. भारतात तर २०२४ पासून नियमच आहे की क्लेम्स रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम रिप्युडिएट (नामंजूर) करता येत नाही. उत्तर देताना समोरचा गोलगोल बोलायला लागला, "तसं थेट नाही पण सेव्हिंगचा एक स्कोअर असतो" वगैरे, तर नीट विचार करा. पगार दोन पैसे जास्त असला तरी अशा टेबलला चांगल्या स्वभावाचं माणूस फार दिवस झोपू शकत नाही, हे मी जवळून बघितलंय.

अजून एक समजून घ्या की माणसं कायम कमीच का असतात. अमेरिकेत २०१० च्या अफोर्डेबल केअर अ‍ॅक्टमुळे कंपनीला प्रीमियमचा निदान ८० टक्के, मोठ्या ग्रुपच्या पॉलिसीत ८५ टक्के भाग उपचार आणि आरोग्याची क्वालिटी सुधारण्यावर खर्च करावा लागतो, नाहीतर फरक ग्राहकांना परत द्यावा लागतो. भारतात दुसऱ्या बाजूने मोजतात, फक्त हेल्थ विकणाऱ्या कंपनीचा मॅनेजमेंट खर्च प्रीमियमच्या ३५ टक्क्यांच्या आत आणि जनरल इन्शुरन्स कंपनीचा ३० टक्क्यांच्या आत ठेवायचा असतो. तुमचा पगार, ट्रेनरचा पगार, ऑफिसचं भाडं, एजंटचं कमिशन सगळं त्या उरलेल्या हिश्शातून जातं, म्हणून वर्ष वाईट गेलं की पहिली कात्री तिथेच लागते. अमेरिकेत आजारी मेंबरची काळजी घेणाऱ्या केस मॅनेजमेंटच्या नर्सेसचा खर्च क्वालिटीच्या बाजूला धरता येतो, क्लेम प्रोसेसिंगचा येत नाही. एकाच कंपनीत एका टीमला माणसं मिळतात आणि दुसरीला वर्षभर "रिप्लेसमेंट येतंय" ऐकावं लागतं, त्यामागे अशीही कारणं असतात. हे कळलं की निदान टीएलवर राग निघत नाही.

पहिले काही महिने

ट्रेनिंगमध्ये सगळं एकदम अंगावर येतं, पॉलिसीचे शब्द, कोड, सिस्टमच्या स्क्रीन, प्रायव्हसीचे नियम, आणि बॅचमधले निम्मे लोक तेव्हाच घाबरतात. घाबरू नका. सगळं पाठ करायचं नसतं, कुठे शोधायचं ते कळलं पाहिजे. एसओपी (काम कसं करायचं याची लेखी पद्धत) आणि पॉलिसी वर्डिंग स्वतः उघडून वाचायची सवय लावा, शेजारच्याला विचारून काम लवकर होतं पण शेजारच्याला जे माहितीये ते कधीकधी दोन अपडेट मागचं असतं, आणि ऑडिटमध्ये "त्याने सांगितलं" चालत नाही. सर्च करता येईल अशी स्वतःची एक फाईल ठेवा, कंपनीच्याच सिस्टमवर, त्यात फक्त नियम आणि पायऱ्या, कुठल्याही पेशंटचं नाव किंवा नंबर चुकूनही नाही.

नेस्टिंगमध्ये, म्हणजे ट्रेनिंगनंतर देखरेखीखाली खरं काम करायच्या काळात, स्पीड बघू नका. अचूकता आली की स्पीड आपोआप येतो, उलटं सहसा होत नाही, घाईत लागलेली चुकीची सवय काढायला फार त्रास होतो. आणि एरर लागला की तो क्लेम परत उघडून नक्की कोणत्या पायरीला घसरलो ते बघा. बरेच जण फक्त स्कोअर बघतात आणि बंद करतात, मग तोच एरर पुढच्या महिन्यात परत.

नोट्स, इथेच माणूस ओळखू येतो

माझ्या अनुभवात चांगला आणि साधारण कर्मचारी यातला सगळ्यात मोठा फरक नोट्समध्ये दिसतो, आणि याचं ट्रेनिंग सगळ्यात कमी मिळतं. तुम्ही जी केस आज हाताळली ती उद्या दुसऱ्याकडे जाणार, परवा कॉल सेंटरला कोणीतरी ती उघडणार, पुढे अपीलला जाईल, कदाचित ओम्बड्समनकडे (इन्शुरन्सच्या तक्रारी ऐकणारा लोकपाल) किंवा कोर्टात जाईल, आणि प्रत्येक वेळी वाचणाऱ्याकडे फक्त तुमच्या चार ओळी असणार. "कस्टमर अपसेट, एक्सप्लेन्ड" ही नोट कोणाच्याच कामाची नाही. त्याऐवजी लिहा की कोणी फोन केला, पेशंटशी नातं काय, बोलायचं ऑथरायझेशन आहे का, काय विचारलं, आपण नेमकं काय सांगितलं, कोणता कागद कधीपर्यंत द्यायचा ठरला, पुढचं पाऊल कोणाचं. "पेशंटची मुलगी, ऑथरायझेशन फाईलवर आहे. सर्जरी उद्या सकाळी. हॉस्पिटलकडून एमआरआय रिपोर्ट बाकी, हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कला आत्ता मेल केला, आल्यावर मेडिकल टीमकडे अर्जंट पाठवायचं." एवढं लिहायला दीड मिनिट जास्त लागतं, अ‍ॅव्हरेज हँडल टाइमवर (एका कॉलला लागणाऱ्या सरासरी वेळेवर) थोडा फरक पडतो, तो पडू दे, कारण त्या मुलीला रात्री परत फोन करावा लागला तर तिला पहिल्यापासून सगळी कहाणी सांगावी लागत नाही.

स्वतःचं मत, राग, टोमणे नोट्समध्ये कधी लिहू नका. फाईल मागितली तर ग्राहकाला सुद्धा ती वाचायला मिळू शकते असं धरूनच लिहा.

नाही म्हणायचं असेल तर कसं म्हणायचं

काही क्लेम खरंच पॉलिसीत बसत नाहीत आणि ते नाकारावेच लागतात, हे स्वीकारल्याशिवाय इथे काम करता येणार नाही. पण नकाराची पण पद्धत आहे. पॉलिसीचं नेमकं कलम कोणतं, त्या कलमात या पेशंटची कोणती गोष्ट बसत नाही, कोणता कागद आणला तर निर्णय बदलू शकतो, अपील कुठे आणि किती दिवसांत करायचं, हे सगळं पत्रात साध्या भाषेत असायला हवं. टेम्प्लेट असतंच, पण टेम्प्लेटमध्ये सहसा नकाराचं कारण लिहायला एक मोकळी जागा असते, तिथे कलम कॉपी-पेस्ट करून सोडू नका, दोन वाक्यं माणसाला समजतील अशी लिहा.

क्वेरी टाकताना तर हे अजूनच लागू. कमी असलेले सगळे कागद एकदाच मागा. आज केस पेपर मागितला, तो आला की बिलाचं ब्रेकअप, ते आलं की जुने रिपोर्ट, असं करत गेलं की तुमच्या टॅटचं (काम पूर्ण करायच्या ठरलेल्या मुदतीचं) घड्याळ दर वेळी थांबतं आणि रिपोर्टला सगळं छान हिरवं दिसतं, पण तिकडे आजारी माणसाचे नातेवाईक हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूमसमोर तीन-तीनदा उभे राहतात. टीममध्ये ही सवय सर्रास असेल तर तुम्ही तरी करू नका. फाईल एकदा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली की काय काय लागणार ते कळतंच.

आणि एखादा नकार मनाला पटत नसेल तर गप्प बसू नका. मेडिकल रिव्ह्यूला परत पाठवता येतं, टीएलला मेलवर विचारता येतं की या कलमाचा हा अर्थ बरोबर आहे का. तोंडी विचारू नका, लेखी विचारा, उत्तर पण लेखी येतं आणि पुढच्या पन्नास केसेसना उपयोगी पडतं. एका माणसाने नीट विचारलेल्या प्रश्नावरून पूर्ण एसओपीची ओळ बदललेली मी पाहिलीये.

डोकं शांत ठेवायचं

कॉल्सवर असाल तर शिव्या तुम्हाला नसतात हे सगळे सांगतात, पण ऐकणारे कान तुमचेच असतात. वाईट कॉल झाला की लगेच पुढचा घेऊ नका, ब्रेकचा कोड लावा, पाणी प्या, दोन मिनिटं उठा. अ‍ॅडहिरन्स (ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे कामावर असण्याचं माप) थोडा पडला तर टीएलला सरळ कारण सांगा, समजूतदार टीएलला चालतं. मृत्यूच्या केसेस, लहान मुलांच्या कॅन्सरच्या फाईल्स, हे पण रोजच्या क्यूमध्ये येतं आणि प्रोसेसिंगवाल्यांना वाटतं आपण तर फक्त कागद बघतो, आपल्याला काय होणार. होतं. घरी गेल्यावर चिडचिड होते, झोप लागत नाही, स्वतःला जरा डोकं दुखलं तरी मोठा आजार वाटायला लागतो, हे आमच्या कामात खूप जणांना होतं. कंपनीत काउन्सेलिंगची हेल्पलाइन असेल तर वापरा, ती त्यासाठीच आहे. तरीही जमत नसेल तर टेबल बदलून मागा, जॉब सोडायच्या आधी हा पर्याय मोठ्या कंपनीत असतो, छोट्या कंपनीत नसतो, आणि मोठ्या कंपनीचा माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हाच.

डेटाचे नियम जाच वाटतात, तरी पाळा

फोन लॉकरमध्ये, टेबलावर कागद-पेन नाही, घरून काम असेल तर खोलीचं दार बंद, स्क्रीन दुसऱ्या कोणाला दिसता कामा नये. कंटाळा येतो, पण कारण खरं आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या अँथम कंपनीतून जवळपास ७ कोटी ८८ लाख लोकांची माहिती चोरीला गेल्याचं उघड झालं आणि सुरुवात झाली होती कर्मचाऱ्यांना आलेल्या फसव्या ईमेलपासून. २०२४ मध्ये अमेरिकेत हॉस्पिटल्सची बिलं आणि पेमेंट्स पुढे पाठवणाऱ्या चेंज हेल्थकेअर कंपनीवर सायबर हल्ला झाला तो चोरलेल्या लॉगिनवरून, ज्या पोर्टलला दुसऱ्या टप्प्याची ओळख-पडताळणीच लावलेली नव्हती, आणि त्यामुळे कितीतरी हॉस्पिटल्स आणि फार्मसीजचे पैसे अडकले. म्हणून मेलमधली लिंक शंकास्पद वाटली तर रिपोर्ट करा, शंका खोटी निघाली तरी कोणी हसत नाही.

आणि ओळखीच्या माणसाची फाईल उघडायची नाही. कधीच नाही. प्रत्येक क्लिक लॉग होतो. नातेवाईक म्हणतात "तू तिथेच आहेस ना, माझा क्लेम कुठे अडकलाय बघ जरा", वाईट वाटतं नाही म्हणायला, पण यावरून चांगल्या चांगल्या लोकांची नोकरी एका दिवसात गेलीये. मदत करायचीच असेल तर फाईल न उघडता करा, कोणते कागद सहसा लागतात, फोनवर काय विचारायचं, रेफरन्स नंबर लिहून घे, अपील कसं लिहायचं, एवढं सांगितलं तरी त्यांचं निम्मं काम होतं. तुमचा स्वतःचा क्लेम सुद्धा स्वतः बघायचा नाही, बऱ्याच कंपन्यांत कर्मचाऱ्यांच्या फाईल्स वेगळ्या टीमकडे असतात, नसतील तर तशी मागणी करा, आपला आजार शेजारच्या खुर्चीवाल्याला कळायची गरज नाही.

पुढे जायचं असेल तर

प्रोसेसिंगमध्ये वर्ष-दोन वर्षं झाली की रस्ते फुटतात: क्वालिटी, ट्रेनिंग, अपील, फ्रॉड इन्व्हेस्टिगेशन, नाहीतर सिस्टममध्ये पॉलिसीचे नियम बसवणारी कॉन्फिगरेशन टीम. शेवटचं लोकांच्या लक्षात येत नाही पण ज्याला क्लेम कुठे आणि का अडकतो ते कळतं त्याची तिथे फार किंमत असते, आणि तिथून बिझनेस अ‍ॅनालिस्टकडे जाता येतं. मेडिकल कोडिंगमध्ये (आजार आणि उपचारांना कोड लावण्यात) रस असेल तर अमेरिकेतल्या एएपीसी संस्थेची सीपीसी परीक्षा, भारतात इन्शुरन्समध्येच राहायचं असेल तर इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची लायसेंशिएट, असोसिएट, फेलो ही पायरी-पायरीची परीक्षा. कंपनी फी परत देते का ते आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी देतात आणि कोणी मागतच नाही.

मोठ्या कंपन्या एकमेकांना विकत घेतात याची पण तयारी ठेवा. अमेरिकेत फार्मसी चेन सीव्हीएसने इन्शुरन्स कंपनी एटना घेतली, इन्शुरन्स कंपनी सिग्नाने औषधांचे लाभ सांभाळणारी एक्सप्रेस स्क्रिप्ट्स घेतली, दोन्ही २०१८ मध्ये. असं झालं की वर नाव बदलतं आणि खाली जुन्या सिस्टम्स बरेच दिवस शेजारी-शेजारी चालू राहतात, एकाच मेंबरसाठी चार स्क्रीन उघडाव्या लागतात. अशा वेळी दोन्हीकडची सिस्टम शिकून घेणारा माणूस सहजासहजी कपातीच्या यादीत जात नाही, त्यामुळे क्रॉस-ट्रेनिंगला कोणी हात वर करत नसेल तर तुम्ही करा.

सोडायची वेळ आली तर नोटीस पूर्ण करा, पेंडिंग केसेसची नीट यादी द्या, आणि एकही स्क्रीनशॉट, एकही एक्सेल, अगदी स्वतः बनवलेली नियमांची फाईल सुद्धा स्वतःच्या मेलवर पाठवू नका, शेवटच्या दिवसांत तुमचा मेल जास्त बारकाईने बघितला जातो. रिझ्युमेवर फक्त कोणत्या प्रकारचे क्लेम केले, अचूकता किती होती, कोणत्या सिस्टमवर काम केलं एवढं लिहा, क्लायंटचं नाव लिहायची परवानगी आहे का ते रिलीव्ह व्हायच्या आधीच एचआरला मेल करून विचारा, नंतर उत्तर मिळायला वेळ लागतो.